उतारशाळेचा मालक

नाताळ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. त्यांच्या भाषेत 'नाताल' म्हणजे जन्म, एवढंच. माझ्या सासरी, केरळातल्या सुरियानी ऑर्थोडॉक्स घरात, याच सणाला 'यल्दो' म्हणतात. तो शब्द सुरियानी भाषेतला आणि त्याचाही अर्थ जन्म. हिंदीत 'बडा दिन', बंगालीत 'बोड़ोदिन'. या नावांवरून दिवस मोठा आहे हे कळतं, का मोठा ते कळत नाही. माझ्या माहेरच्या आणि सासरच्या माणसांनी मात्र नावातच सगळं सांगून टाकलेलं आहे. कुणीतरी जन्मलं. नावात दिवे नाहीत, झाड नाही, केक तर नाहीच नाही.

तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मी बंगळूरला आले. माझं माहेर नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातलं. आमची मंडळी अमेरिकन मराठी मिशनमधली, १९७० नंतर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेलेली. आमची उपासना साधी, हार्मोनियम-ढोलकीवरच्या भजनांची. नवऱ्याकडची उपासना लांबलचक, धुपाच्या वासाची, वेदीसमोर पडदा असलेली. लग्नात दोन्हीकडच्या नातेवाइकांना एकमेकांचं ख्रिस्तीपण जरा संशयास्पदच वाटलं होतं. घरात मराठी, मल्याळम, इंग्रजी आणि कामापुरती कानडी. मुलगी झाली तेव्हा प्रश्न पडला, हिला नाताळ कुठला द्यायचा? माझा की त्याचा? आम्ही दोघं हा वाद घालत बसलो होतो तोवर बाजारानं तिच्यासाठी एक तिसराच नाताळ तयार करून ठेवला होता.

आमच्या सोसायटीत दीडशेच्या आसपास घरं, त्यांत ख्रिस्ती तीन. गणपती बसतो, कन्नड राज्योत्सव होतो, ओणमला फुलांची रांगोळी होते आणि डिसेंबरात 'ख्रिसमस कार्निव्हल'. क्लबहाऊसमध्ये प्लास्टिकचं झाड येतं, त्यावर कापसाचं बर्फ. (आमच्या तालुक्यात कापूस पिकतो. त्याची बर्फाच्या जागी नेमणूक झालेली पाहून माझ्या वडिलांना फार हसू आलं असतं.) दरवर्षी समितीतलं कुणीतरी आपुलकीनं विचारतं, "तुमच्याकडून काय?" एका वर्षी मी म्हटलं, झाडाखाली गव्हाणीचा छोटा देखावा मांडते. थोडी कुजबुज झाली. मग एका गृहस्थांनी अगदी सौजन्यानं सांगितलं, "मॅडम, ते जरा रिलिजियस होईल." गणपतीच्या आरतीला सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवणारे तेच गृहस्थ. मला राग आला नाही, नवल वाटलं. त्यांच्या लेखी ख्रिसमस हा धर्माचा सण नव्हताच. ती थंडीतली एक मौज होती, हुरडा पार्टीसारखी. आणि हे त्यांच्या मनात कुणी भरवलं म्हणाल, तर ज्या देशांनी हा सण जगभर नेला त्यांच्याच सिनेमांनी आणि दुकानांनी.

सांताशी माझं वैर नाही. निकोलस हा चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला. गोरगरिबांना गुपचूप मदत करणारा म्हणून त्याच्या कथा पसरल्या. लेक लहान असताना मी तिला तेच सांगायचे, की हा एक बिशप होता आणि त्याला आज ओळखणं कठीण झालंय. पण एक गोष्ट मनात येते ती लिहून टाकते. अलीकडे काही ठिकाणी कॅरोल गाणाऱ्या मंडळ्यांना अडवलं गेलं, तेव्हापासून आमच्यातलेही काही जण सांतालाच पुढं करू लागलेत. तो कुणाला खुपत नाही. गव्हाणीतलं मूल खुपू शकतं. आता विचार केला तर मूलही हेरोद राजाला खुपलंच होतं.

सासरच्या पद्धतीत १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचा नोम्बु, म्हणजे उपास. मांस, मासे, अंडी, दूध बंद. मला हे सुरुवातीला जडच गेलं. नगरच्या आमच्या मंडळीत नाताळाआधी असा काही उपास नव्हता, उलट दूध-तूप साठवण्याचेच ते दिवस. पण नवऱ्याच्या ऑफिसातली ख्रिसमस पार्टी पाहिली आणि मत बदललं. पार्टी १८-२० तारखेला. टेबलावर प्लम केक, चिकन, लाल टोप्या घातलेली माणसं, आणि त्या सगळ्यांत एकुलता एक ख्रिस्ती काळा चहा पीत बसलेला. "तुझाच सण आणि तूच खात नाहीस?" असं त्याला दरवर्षी विचारतात. "सण अजून आलेला नाही," असं तो दरवर्षी सांगतो. बाजाराचा नाताळ नोव्हेंबरात सुरू होतो आणि २५ तारखेच्या रात्री संपतो. २६ला मॉलमध्ये 'न्यू इयर सेल'चे फलक लागतात. चर्चच्या पंचांगात तो २५ला सुरू होतो आणि ६ जानेवारीपर्यंत चालतो. त्याच्या आधीचे दिवस वाट पाहण्याचे. घरात एखादी बाई दिवस मोजत असते तेव्हा जसं असतं, तसे.

म्हणून आमच्या घरी देखावा १ तारखेला मांडला जातो, पण बाळ त्यात नसतं. ते माझ्या शिवणाच्या डब्यात असतं. मरिया आणि योसेफही पहिल्या दिवशी पुस्तकांच्या कपाटावर असतात आणि रोज थोडे थोडे पुढं सरकतात. नाझरेथ ते बेथलेहेम शंभराहून जास्त किलोमीटर आहे, लगेच कसे पोहोचतील? लेक लहान असताना शाळेतून आली की आधी त्यांना सरकवायची, मग बूट काढायची. असा देखावा मांडायची कल्पना असिसीच्या फ्रान्सिसची मानतात. १२२३ साली ग्रेच्चो नावाच्या गावात त्यानं खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून ती रात्र लोकांपुढं उभी केली. गंमत म्हणजे लूकच्या वृत्तांतात बैलही नाही, गाढवही नाही. फक्त गव्हाणी आहे. पण गव्हाणी आहे म्हटल्यावर गुरं असणारच, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

शहरातल्या मुलांना मात्र सांगावं लागतं. हिंदीत चरनी, कानडीत गोदलि, मल्याळममध्ये देखाव्याला पुल्कूड म्हणतात, म्हणजे गवताचं घरटं. माझ्या लेकीला हे सगळे शब्द येत होते आणि त्यांतल्या एकाचाही अर्थ नीट माहीत नव्हता. तिला वाटायचं, गव्हाणी म्हणजे येशूचा पाळणा. एकदा गावी नेलं तेव्हा चुलत्यांच्या गोठ्यात मी तिला दाखवली. दगडाची, आतून गुरांच्या जिभांनी गुळगुळीत झालेली, तळाशी ओला कडबा आणि लाळ. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "याच्यात? बाळ?" मला वाटतं, नाताळचं प्रवचन त्या दिवशी झालं, आणि तेही मे महिन्यात.

आमच्या गावी नाताळची चाहूल कामट्यांवरून लागायची. थोरली मुलं बांबू तासून चांदणीच्या आकाराचे आकाशकंदील करायची, त्यांना पतंगाचा कागद चिकटवायची, आणि ते उंच काठीला बांधून घरावर चढवायची. फराळ दिवाळीचाच, करंज्या, चिवडा, शंकरपाळे. दिवाळीत गावातून आलेली ताटं आई नाताळात भरून परत करायची, कारण ताट रिकामं परत पाठवायचं नसतं. पहाटे चारला प्रभातफेरी निघायची. कृष्णराव सांगळे आणि नारायण वामन टिळक यांची भजनं तोंडपाठ असणारी माणसं पुढं, झोपाळू पोरं मागं. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण ज्ञानदेव-तुकारामांचा हात सोडला नाही. नेवासं तर ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते गाव. येशूजन्म अभंगाच्या चालीवर ऐकण्यात आम्हाला काही वेगळं वाटायचंच नाही. वेगळं वाटलं ते बंगळूरच्या इंग्रजी उपासनेत पहिल्यांदा बसले तेव्हा. सुरेख गात होते सगळे, पण मला आपण पाहुणे असल्यासारखं वाटत राहिलं.

आणि नाताळचं नाटक. धनगराच्या घरून मागून आणलेली खरी घोंगडी, जुन्या साड्यांचे मागी राजे. सगळ्यांत मागणी असायची ती उतारशाळेच्या मालकाच्या भूमिकेला. लूकनं असा मालक लिहिलेलाच नाही. जागा नव्हती एवढंच म्हणून तो पुढं जातो. पण नाटक बसवणारे मास्तर त्याला घालायचेच. गावातल्या कुठल्या तरी सावकाराची नक्कल करत तो यायचा, पोटावरून हात फिरवायचा, योसेफाला जात विचारायचा. लोक हसून हसून बेजार व्हायचे.

माझी आजी हसायची नाही. आमचे पणजोबा महारवाड्यातले. १८९९-१९००च्या दुष्काळानंतर घराणं ख्रिस्ती झालं. आजीच्या सासूनं तिला सांगितलेलं आजी आम्हाला सांगायची, की चावडीच्या पायरीवर बसायचं नाही, धर्मशाळेत रात्र काढायची नाही, बाजाराला गेलं आणि पावसानं गाठलं तर झाडाखाली थांबायचं. बायबलबाईनं वाड्यात येऊन ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा उतारशाळा म्हणजे काय, जागा का नव्हती, पोटुशी बाई रात्री कुठं गेली, हे कुणी विचारलं नाही म्हणे. सगळ्यांना ते ठाऊकच होतं. आजी वाचता वाचता त्या ठिकाणी थांबायची आणि पुस्तकात नसलेलं एक वाक्य घालायची, "जागा व्हती गं. ह्यान्ला द्यायची नव्हती."

मी नाताळचा जो अर्थ घेऊन वाढले तो हाच. देव कुठं जन्मला, तर जिथं आपल्याला ठेवलं होतं तिथं. आधी कळलं कुणाला, तर रात्री रानात जागणाऱ्या मेंढपाळांना, देवळातल्या शास्त्र्यांना नाही. हा अर्थ पणजीला फुकट मिळाला. मला आजीकडून मिळाला. माझ्या लेकीला तो कसा मिळणार, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न, आणि सांता किंवा कार्निव्हल त्यापुढं अगदी किरकोळ. तिनं चावडी पाहिलेली नाही. तिला कुठं जागा नाकारली गेलेली नाही, आणि ती नाकारली जाऊ नये म्हणूनच तर तीन पिढ्या शिकल्या.

आमच्याकडे २४च्या रात्रीचा क्रम ठरलेला आहे. दिवे मालवायचे, एक मेणबत्ती. माझी आई दर डिसेंबरात नगरहून येते. ती लूकचा दुसरा अध्याय मराठीत वाचते. मग सासूबाई, आमच्या अम्मच्ची, फोनवरून मल्याळममध्ये. मग लेक इंग्रजीत. त्यानंतर बाळ शिवणाच्या डब्यातून निघतं आणि मगच करंजीला हात लावायचा. त्या अध्यायाची सुरुवात मला अलीकडे फार आवडू लागली आहे. सम्राट औगुस्तानं हुकूम काढला, नावनोंदणीसाठी जो तो आपापल्या गावी निघाला. कागदपत्रांसाठी माणसांना गावी पळवणारं सरकार, हे इथं भारतात कुणाला समजावून सांगावं लागू नये. २८ तारखेला पुन्हा वाचन असतं, या वेळी मत्तयाचं, दुसऱ्या अध्यायातलं. हेरोद बेथलेहेमातली बाळं मारतो, योसेफ बायको-मुलाला घेऊन रातोरात मिसरात पळून जातो. पाश्चात्त्य चर्चमध्ये तो त्या बाळांच्या स्मरणाचा दिवस. त्याचं शुभेच्छापत्र कुणी छापत नाही. नवऱ्याचा आग्रह असतो की हे वाचलं नाही तर गोष्ट अर्धी राहते, आणि मला तो पटतो.

दोन वर्षांपूर्वी लेक वीस वर्षांची असताना म्हणाली, "मला देवदूत वगैरे काही खरं वाटत नाही. वाचायला बसलंच पाहिजे का?" नवऱ्याचा चेहरा उतरला. त्याच्या घराण्यात पाद्री आहेत, त्याला ते लागलं. मी म्हटलं, "खरं वाटलंच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. पण बस, ऐक." यापलीकडे मला काही सुचलं नाही आणि अजूनही सुचत नाही. पोरीच्या मनात विश्वास रुजवणं आपल्या हातात नसतं. तिच्या कानावर गोष्ट पडत राहील एवढं बघता येतं. ती बसली. तिच्या वाट्याचं इंग्रजी वाचलं. वाचून झाल्यावर पुस्तक न मिटताच तिनं आजीला विचारलं, "आजी, या गोष्टीत आपण कोण?"

"आपण मेंढरं राखणारे," आई म्हणाली.

"तुझी आजी होती. तूसुद्धा असशील. पण आपण? तीन बेडरूम आहेत. एक तर वर्षाचे अकरा महिने बंद असते. आपण उतारशाळेचे मालक आहोत."

"तो नाटकातला," आई म्हणाली. "पुस्तकात नाही."

"पण कुणीतरी नाही म्हटलंच असेल ना."

आई काही बोलली नाही. करंज्यांचा डबा उघडला गेला. देवदूतांवर विश्वास नसलेल्या माझ्या लेकीनं गोष्ट नेमकी तिथं पकडली होती जिथं आजी वाचता वाचता थांबायची, आणि पकडली होती ती उलट्या बाजूनं. मला त्या रात्री जितका धीर आला तितकीच भीतीही वाटली.

ते वाक्य घरात राहून गेलं. गेल्या डिसेंबरात आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्कांच्या सुनेचे दिवस भरत आले. ही मंडळी यादगीरकडची, मागच्या बाजूला नवी इमारत चढतेय तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. मुलगा आणि सून दोघं त्याच बांधकामावर. बंगळूरची थंडी काही काश्मीरची नव्हे, पण पत्र्याखाली पहाटे ती पुरेशी असते. आईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "त्यांना इकडं का नाही आणत? माझ्या खोलीत मी बाहेर झोपेन." लेक माझ्याकडे बघत होती. नवरा आणि मी एकमेकांकडे बघितलं. सोसायटीचे नियम, कोण काय म्हणेल, किती दिवस, हे सगळं त्या एका बघण्यात होऊन गेलं, हे मी लपवत नाही. शेवटी मीच अक्कांना विचारलं.

अक्का आधी गोंधळल्या आणि मग मनापासून हसल्या. सरकारी दवाखान्यात नाव घातलंय, म्हणाल्या. शेडमध्ये त्यांच्या गावच्या आठ बायका आहेत, त्यांतल्या दोघींनी गावी कितीतरी बाळंतपणं केलीत. तुमच्या सातव्या मजल्यावर ती एकटी पडेल, रडत बसेल. मग जरा थांबून म्हणाल्या, "खोली नको, अक्का. मला पंधरा दिवस रजा द्या. पगार कापू नका. आणि गॅसचं एक सिलिंडर असेल तर बघा, पाणी तापवायला."

इतकं सरळ मागणं. मी तर मनात किती मोठा त्याग रचून ठेवला होता! रजा दिली, सिलिंडर गेलं, आईनं तिच्या दोन जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून दिली. १९ तारखेला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण तिसऱ्या दिवशी शेडमध्ये आली. आणि इकडं ऐन नाताळात आमच्या घरात भांडीवाली नाही. शंभरावर करंज्या, चकल्यांचा घाणा, वीस माणसांचं जेवण, आणि मोरीत ढीग. लेक आणि तिचा बाप रात्री बारापर्यंत पातेली घासत होते. त्याच्या नोम्बुचे शेवटचे दिवस, त्यामुळं तो चिडका झालेला. एका मोठ्या टोपाचा तळ खरवडत तो म्हणाला, "तुझ्या त्या मालकाला एवढी भांडी पडली असती तर त्यानं कुणालाच जागा दिली नसती." लेक इतकी हसली की तिच्या हातून झारा पडला.

२४ला रात्री आम्ही नवऱ्याच्या चर्चमध्ये गेलो. यल्दोच्या उपासनेत तिथं अंगणात खड्डा करून जाळ पेटवतात, मेंढपाळांच्या शेकोटीची आठवण म्हणून. झावळ्यांच्या रविवारी घरी नेलेल्या, वर्षभर वाळलेल्या झावळ्या लोक त्यात टाकतात, धूप टाकतात. एरवी लेक लांब उभी राहते. या वेळी ती जवळ गेली, हात शेकले, आणि शेडमध्ये अशी शेकोटी पेटवू देतात का, असं मला विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी फराळाचा डबा घेऊन ती एकटीच तिकडं गेली आणि दोन तास आली नाही. विश्वासाबद्दल तिच्याशी मी त्यानंतर काही बोललेले नाही. तीही बोलत नाही. ती यंदाही वाचायला बसणार आहे, एवढं तिनं आपणहून सांगितलंय.

त्या बाळाचा पहिला वाढदिवस येत्या १९ डिसेंबरला आहे. शेडमधून आम्हा सगळ्यांना जेवायचं आमंत्रण आलंय. अक्कांनी आधीच सांगून ठेवलंय की मटण असणार, मुलानं त्यासाठी पैसे साजवून ठेवलेत. १९ तारीख म्हणजे नोम्बुच्या मधोमध. ऑफिसात तीस वर्षं काळा चहा पिणारा माझा नवरा आता पेचात पडलाय. अक्कांच्या घरी जाऊन नुसता भात खाऊन उठायचं? त्यानं अम्मच्चींना फोन करून विचारलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, रविवारी अच्चनना विचारून सांगते.